कोयनेतनं पाणी सोडलं म्हणजे मांजरीला कधी आणि किती? धरणाच्या पाण्याचा हिशेब नदीकाठच्या शेतकऱ्यांसाठी

दादा, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमची आपल्या कर्नाटकात, चिक्कोडी भागातल्या मांजरीजवळ कृष्णेच्या काठाला मळीची जमीन आहे, गेल्या पावसाळ्यात एका रात्रीत पाणी चढलं, मोटार-पाईप दोन्ही गेले, आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्या. धरणं जुलैतच थोडी थोडी रिकामी का करत नाहीत, सगळं भरल्यावर एकदम का सोडतात, आणि चूक वरच्या कोयनेवाल्यांची का खालच्या अल्मट्टीवाल्यांची. शेवटी लिहिलंय की "आम्ही नेमकं कशाकडं बघून मोटार काढायची ते तरी सांगा". माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तो शेवटचाच आहे, पण त्याचं उत्तर कळायला आधीचं थोडं सांगावं लागंल, म्हणून लांबलचक लिहितोय.

मी तेहतीस वर्षं पाटबंधाऱ्याच्या कामात काढली, त्यातली निम्म्याहून जास्त गेटवर आणि पूरनियंत्रण कक्षात, घटप्रभेच्या अंगाला आणि कृष्णेच्या अंगाला दोन्हीकडं. मूळचा निपाणी भागातलाच, त्यामुळं वेदगंगेचं पाणी दारात आलेलं लहानपणापासनं बघितलंय.

पहिल्यांदा क्युसेक आणि टीएमसी यांचं नातं पक्कं करून घ्या, कारण बातमीत एकदा क्युसेक येतं एकदा टीएमसी येतं आणि माणूस गोंधळतो. क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट पाणी, हा वेग झाला. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, हा साठा झाला. ११,५७४ क्युसेक पाणी दिवसभर म्हणजे चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी होतं. एवढा एक आकडा पाठ करा. म्हणजे धरणात एक लाख क्युसेक आवक आहे असं वाचलं की लगेच कळतं की दिवसाला साधारण साडेआठ टीएमसी पाणी येतंय, बरोबर सांगायचं तर ८.६४. आता राधानगरी सगळी मिळून ८.३६ टीएमसीची आहे. म्हणजे एवढं पाणी आलं तर राधानगरीसारखं अख्खं धरण तळापासनं काठापर्यंत एका दिवसात भरतं. हे डोळ्यासमोर आलं की "धरण आहे ना, अडवा की पाणी" हे म्हणणं किती अवघड आहे ते समजतं.

आता तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एका उदाहरणानं देतो, आकडे सोपे धरलेत. समजा कोयना १०५.२५ टीएमसीची आहे आणि त्यात ८५ टीएमसी भरलंय, म्हणजे वीस टीएमसीची जागा शिल्लक. पाऊस लागला आणि एक लाख क्युसेक आवक सुरू झाली, तीन दिवस टिकली. एक साहेब म्हणतो दरवाजे बंद ठेवू, भरू दे. त्याचं धरण सव्वादोन दिवसात काठोकाठ भरतं, आणि त्यानंतर जेवढं येतं तेवढं सोडल्याशिवाय त्याच्यापुढं मार्गच राहत नाही, म्हणजे तिसऱ्या दिवशी एकदम एक लाख क्युसेक खाली. दुसरा साहेब पहिल्या दिवसापासनंच चाळीस हजार सोडतो. चाळीस हजार म्हणजे दिवसाला साधारण साडेतीन टीएमसी बाहेर, तीन दिवसात साडेदहाच्या आत, आणि आलेल्या सव्वीसमधले साडेपंधरा टीएमसी त्यानं पोटात घेतले. त्याचं धरण भरलंच नाही, आणि खालच्या माणसाला चाळीस हजाराच्या वर कधी पाणी बघावंच लागलं नाही. पाऊस तोच, धरण तेच. म्हणून मी सगळ्यांना सांगत आलोय की किती सोडलं हे नंतर बघा, आधी कधीपासनं सोडलं आणि त्या वेळी जागा किती शिल्लक होती ते बघा. पूर धरणातल्या पाण्यानं अडत नाही, धरणातल्या रिकाम्या जागेनं अडतो.

मग सगळे दुसऱ्या साहेबासारखं का करत नाहीत? कारण त्याला तीन दिवसांचा पाऊस आधी माहीत नसतो. समजा त्यानं चाळीस हजार सोडायला सुरुवात केली आणि पाऊस दीड दिवसातच उघडला, पुढं सगळा ऑगस्ट कोरडा गेला. २०२३ आठवा. ऑगस्टमध्ये आभाळच आलं नाही, देशातला १९०१ पासनंचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो, आणि त्या वर्षी कोयना पूर्ण भरलीच नाही. आपल्या राज्यानंही दुष्काळ जाहीर केला. आता ज्या माणसानं जुलैत पाच-सहा टीएमसी सोडून दिलं असतं त्याला मे महिन्यात कोण सोडणार होतं? धरण रिकामं राहिलं तर लेखी खुलासा द्यावा लागतो, कालव्याचं पाणी कमी पडलं की मोर्चा येतो, आणि पूर आला तर मात्र "पाऊसच तेवढा झाला" म्हणता येतं. हे मी कुणाला दोष द्यायला नाही सांगत, मी स्वतः त्या खुर्चीत बसलोय आणि हात थरथरतो दादा. एक गेट एक फूट उचलायचं तर खालची शंभर गावं डोळ्यासमोर येतात, आणि नाही उचललं तर वरचा पाऊस.

आणि आपली धरणं मुळात पुरासाठी बांधलेलीच नाहीत, हे फार कमी लोकांना माहीत असतं. कोयना विजेसाठी, कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या लवादानं तिचं ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेला वीजनिर्मितीसाठी वळवायला दिलंय. हिडकल ५१ टीएमसीचं, ते घटप्रभेच्या कालव्यांसाठी आणि बेळगावपासनं खालपर्यंतच्या पिण्याच्या पाण्यासाठी. नविलुतीर्थ मलप्रभेवर, साधारण ३७ टीएमसी, तेही तसंच. यात पुरासाठी म्हणून कायमची रिकामी ठेवायची वेगळी जागा धरलेली नाही. जागा मिळते ती फक्त वेळेवर. म्हणजे तारीख आणि पातळी यांचं एक वेळापत्रक असतं, इंग्रजीत त्याला रूल कर्व्ह म्हणतात, आमच्यात सगळे तोच शब्द वापरतात, की जुलैच्या शेवटी एवढ्याच पातळीपर्यंत भरा, ऑगस्टच्या मध्याला एवढं, आणि पूर्ण भरायचं ते पावसाळा सरता सरता. हे वेळापत्रक पाळलं तर पुराच्या ऐन महिन्यात थोडी जागा आपोआप हातात राहते. माझा अनुभव सांगतो, पूर वाढवणाऱ्या बहुतेक चुका गेट उचलताना झालेल्या नसतात, त्या आधीच्या पंधरा दिवसांत झालेल्या असतात. पाऊस चांगला आहे, धरण भरतंय, सगळे खुश आहेत, आणि वेळापत्रकाच्या दोन-तीन फूट वर पातळी गेलेली आहे याकडं कुणी बघत नाही. त्यात वरचे फूट फार मोठे असतात बघा. तळाशी धरण अरुंद असतं आणि वर पसरट, त्यामुळं तळातल्या कित्येक फुटांत मावणार नाही एवढं पाणी वरच्या दोन-तीन फुटांत असतं. म्हणून "फक्त तीन फूटच वर आहे" हे वाक्य फसवं आहे.

माझ्याच आयुष्यातली एक रात्र सांगतो. एका मध्यम प्रकल्पावर होतो, नाव नको. ऑगस्टचा दुसरा आठवडा, धरण वेळापत्रकाच्या बरंच वर भरलेलं. मी दोन वेळा वर कळवलं की थोडं सोडूया, उत्तर आलं की थांबा, बागीन अर्पण करायला, म्हणजे भरलेल्या धरणाची ओटी भरायला, पाहुणे येणार आहेत, धरण भरलेलं दिसायला पाहिजे. मीही थांबलो. खरं तर त्या दिवशी मी लेखी आग्रह धरायला पाहिजे होता आणि तो धरला नाही, ही माझी चूक आजही टोचते. रात्री अकरानंतर वर पाणलोटात धोधो पाऊस, दोन वाजता आम्ही सगळी गेटं उचलली. भोंगा दिला, जीप पाठवली, तरी खालच्या मळीतल्या एका माणसाच्या दोन म्हशी दावणीलाच गेल्या. तो सकाळी धरणावर आला, ओरडला नाही, भांडला नाही, फक्त म्हणाला "साहेब, दिवसा थोडं सोडलं असतं तर आम्ही बघितलं तरी असतं". त्या दिवसापासनं मी एक नियम केला, पहिलं पाणी शक्यतो उजेडात सोडायचं आणि पायरी पायरीनं वाढवायचं. आधी थोडं, मग दोन-तीन तासांनी थोडं, म्हणजे नदीच माणसाला सांगते की मी वाढतेय. आणि दुसरा नियम पुस्तकातलाच आहे, तो मोडायचा नाही: धरणात जास्तीत जास्त जेवढी आवक झाली त्याच्यापेक्षा जास्त खाली सोडायचं नाही. धरण नसतं तर आला असता त्याच्यापेक्षा मोठा पूर धरणामुळं येता कामा नये.

आता तुमच्या गावाचं बघू, कारण कोयना म्हणजेच कृष्णा असं तुम्ही धरलंय आणि तिथंच हिशेब चुकतोय.

मांजरीला जे पाणी येतं ते चार-पाच नद्यांचं आहे. कोयना कराडला कृष्णेला मिळते. वारणा मिळते हरिपूरला, म्हणजे सांगलीच्या जरा खाली. पंचगंगा नृसिंहवाडीला. मग राजापूर बंधारा, तो महाराष्ट्राचा शेवटचा. त्याच्या खाली आपल्या हद्दीत दूधगंगा येते, आणि दूधगंगेत भोजजवळ आपली वेदगंगा आधीच मिळालेली असते. हे सगळं कल्लोळ-यडूरला एक होतं आणि तिथनं तुमच्याकडं. आता बघा, लोक टीव्हीवर सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी बघत बसतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. पण आयर्विन पुलाखालनं वारणाही जात नाही आणि पंचगंगाही जात नाही, दोन्ही त्याच्या खाली मिळतात! आयर्विन उतरायला लागला म्हणून तुम्ही निर्धास्त झालात आणि त्याच वेळी पंचगंगेचा लोंढा नृसिंहवाडीला उतरत असला तर तुमच्याकडं पाणी चढतच राहणार. मला वाटतं गेल्या वर्षी तुमचं तेच झालं असावं, कारण तुम्ही लिहिलंय "सांगलीला पाणी कमी झालं म्हणून मोटार तशीच ठेवली".

तुम्ही बघायचा आकडा आहे राजापूरचा विसर्ग आणि सदलग्याजवळचा दूधगंगेचा विसर्ग. पावसाळ्यात चिक्कोडी भागाच्या बातमीत तो रोज येतो, राजापुरातनं इतके, दूधगंगेतनं इतके, कल्लोळला एकूण इतके क्युसेक. समजा राजापूर एक लाख चाळीस हजार आणि दूधगंगा तीस हजार, तर तुमच्या अंगावर येतंय ते एक लाख सत्तर हजार. कोयनेचा आकडा यात कुठं आला? आलाय, पण चाळीस-पन्नास हजाराचा एक वाटा म्हणून, आणि तोही एक-दीड दिवस आधी सोडलेला. कोयनेचं पाणी सांगलीलाच यायला साधारण एक दिवसाच्या वर लागतो, तुमच्यापर्यंत त्याहून जास्त. म्हणून "कोयनेचे दरवाजे उघडले" अशी बातमी रात्री नऊला वाचून त्याच रात्री दहाला चढलेलं पाणी कोयनेचं नसतंच, ते मधल्या मुलखात पडलेल्या पावसाचं असतं.

हा मधला मुलूख म्हणजे खरा राक्षस. धरणाच्या खाली पडलेल्या पावसाला कुणाचंच गेट नाही. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. कोयना त्या वेळी पूर्ण भरलेली नव्हती, बरंच पाणी तिनं पोटात घेतलं, तरी सांगलीला पाणी ५४ फुटांच्या पुढं गेलं, आणि कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५६ फुटांच्या वर गेली, २०१९ पेक्षाही जास्त. तिथं धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पंचगंगेच्या खोऱ्यात धरणं तरी केवढी, राधानगरी ८.३६, तुळशी साडेतीनच्या आत, कुंभी आणि कासारी प्रत्येकी पावणेतीनच्या आसपास. अख्खी रिकामी ठेवली असती तरी त्या पावसापुढं एखादा दिवसच टिकली असती. निपाणीजवळ यमगर्णीला तेव्हा हायवेवर पाणी होतं, पुणे-बेंगळूर रस्ता बंद, ते पाणी वेदगंगेचं, आणि वेदगंगेवर वर पाटगाव आहे ३.७२ टीएमसीचं. एवढंसं धरण. तिथं कोण काय अडवणार होतं.

राधानगरीबद्दल एक सांगायलाच पाहिजे, कारण दरवर्षी त्यावरनं गैरसमज होतो. "राधानगरीचे दोन दरवाजे उघडले" अशी बातमी आली की लोक म्हणतात कोण उघडतोय, आम्हाला का सांगत नाही. ते दरवाजे कुणी उघडत नाही, ते स्वयंचलित आहेत, पाण्याची पातळी एका मर्यादेला गेली की वजनाच्या तोलावर आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. असे सात दरवाजे, एकेकातनं १,४२८ क्युसेक. सातही उघडले तरी दहा हजार क्युसेक. शाहू महाराजांनी सुरू केलेलं ते धरण, वीज नसली, रात्र असली, माणूस नसला तरी ते काम करतं. मला त्या दरवाज्यांचा फार आदर वाटतो.

आता अल्मट्टी. हा विषय निघाला की सीमेच्या अलीकडं पलीकडं दोन्हीकडं आवाज चढतो, आपल्या घरात तर अर्धे पाहुणे सांगलीला आणि अर्धे अथणीला, म्हणून शांतपणे लिहितो. अल्मट्टीची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर, साठा १२३ टीएमसी. लवादाच्या २०१० च्या निवाड्यात ती ५२४.२५६ पर्यंत न्यायला मान्यता आहे, पण ते प्रकरण अजून लटकलेलं आहे. अल्मट्टी आणि तुमच्यामध्ये हिप्परगी बॅरेज आहे. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्र सरकारनंच वडनेरे समिती नेमली होती, आणि त्या समितीनं सांगितलं की सांगली-कोल्हापूरचा पूर अल्मट्टीच्या फुगवट्यामुळं, म्हणजे धरणामुळं मागं तुंबलेल्या पाण्यामुळं, आलेला नाही. हे महाराष्ट्रानं नेमलेल्या समितीचं म्हणणं आहे म्हणून मला त्याचं वजन जास्त वाटतं. त्या पुरात अल्मट्टीतनं पाच लाखांच्या वर क्युसेक सोडत होते, म्हणजे तिथं अडवून धरलं होतं असंही नाही.

पण म्हणून अल्मट्टीचा कुणालाच काही संबंध नाही असं मी म्हणणार नाही. जितकं अल्मट्टीच्या जवळ जाल तितका तिच्या पातळीचा परिणाम जास्त. जमखंडी अंगाच्या, हिप्परगीच्या खालच्या गावांना अल्मट्टी काठोकाठ असताना पूर आला तर पाणी उतरायला वेळ लागतो, हे तिथल्या लोकांनी भोगलेलं आहे आणि ते खोटं बोलत नाहीत. म्हणून मोठ्या आवकेचा अंदाज आला की अल्मट्टीनं आधीच खाली उतरून बसावं, आणि हिप्परगीची गेटं पुराच्या दिवसांत पूर्ण वर असावीत, हे माझं ठाम मत आहे, नोकरीत होतो तेव्हाही होतं. अल्मट्टीच्या वीजघरातनंच चाळीस-पंचेचाळीस हजार क्युसेक जातं, त्यामुळं पातळी हळूहळू उतरवायला वीज फुकट घालवावी लागते असंही नाही. तुमच्या मांजरी-अंकलीला मात्र अल्मट्टीपेक्षा नदीचा सपाट उतार, नागमोडी वळणं, पुलांचे भराव आणि पात्रातली अतिक्रमणं जास्त त्रास देतात. पूल बांधताना मधे चार कमानी देऊन दोन्ही बाजूला मातीचा उंच भराव घालतात, तो भराव पुरात धरणासारखाच वागतो, आणि त्याला गेटही नसतं.

दोन्ही राज्यांत बोलणं होतं का, असंही तुमच्या मनात असंल. होतं. २०१९ नंतर बरंच वाढलं. जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे जलसंपदा मंत्री बेंगळूरला जाऊन आपल्या मुख्यमंत्र्यांना भेटले होते. पुराच्या दिवसांत दोन्हीकडचे इंजिनिअर एकमेकांना फोनवर आकडे देतात. मी नोकरीला लागलो तेव्हा वायरलेसवर आकडा यायचा आणि तो यायला सकाळची दुपार व्हायची, कधी मराठीत कधी कन्नडमधे, आणि आमच्यासारखी दोन्ही भाषा येणारी माणसं मधे बसून तो उतरवून घ्यायची. कागदावरच्या करारापेक्षा त्या माणसांच्या ओळखीवर जास्त पाणी सुटलंय, हे मी खात्रीनं सांगतो.

आणि एक गोष्ट विसरू नका. २०१९ च्या मे महिन्यात आपली कृष्णा कोरडी पडली होती. अथणी, चिक्कोडी भागात पाण्यासाठी आंदोलनं झाली, कोयनेतनं पाणी सोडा म्हणून आपलं सरकार महाराष्ट्राला विनवत होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तीच नदी घरात शिरली. मधे अडीच महिने. जे धरण मे महिन्यात भरलेलं पाहिजे असतं तेच जुलैत रिकामं पाहिजे असतं, आणि दोन्ही मागण्या त्याच गावांच्या असतात, दोन्ही खऱ्या असतात. हे ज्याला एकदा मनापासून कळलं तो गेटवरच्या माणसाला शिव्या देत नाही, त्याला प्रश्न विचारतो, आणि प्रश्न विचारायलाच पाहिजेत. पूरबैठकीत जाऊन विचारा, आज तारखेला वेळापत्रकाप्रमाणं पातळी किती पाहिजे आणि प्रत्यक्ष किती आहे. एवढा एकच प्रश्न. उत्तर द्यावंच लागतं.

घटप्रभेकडच्या भावकीसाठी थोडं, कारण तिकडच्या एकानं गोकाकच्या पुराचं विचारलंय. हिडकलची पूर्ण पातळी २१७५ फूट. पण गोकाकच्या लोळसूर पुलावर पाणी येतं ते एकट्या हिडकलचं नसतं. हिरण्यकेशी आंबोलीतनं निघून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत हिडकलच्या खाली घटप्रभेला मिळते, आणि बेळगावकडनं मार्कंडेय येते. हिडकलचे दरवाजे पूर्ण बंद असले तरी या दोघी मिळून गोकाकला हैराण करू शकतात. तिथं हिडकलवाल्यांचं कौशल्य एवढंच की हिरण्यकेशीचा लोंढा गोकाकला असेल त्या दहा-बारा तासांत आपलं पाणी धरून ठेवायचं. आणि धरून ठेवायला जागा लागते, ती आधी सोडल्याशिवाय येत नाही. फिरून तिथंच आलो बघा. राकसकोप भरलं की मार्कंडेयकाठच्या शेतकऱ्यांची तीच गोष्ट लहान आकारात.

गेटांच्या देखभालीबद्दलही बोललं पाहिजे, लोक याकडं लक्ष देत नाहीत. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुंगभद्रेच्या एकोणिसाव्या गेटची साखळी तुटली आणि गेटच वाहून गेलं. धरण भरलेलं. तात्पुरते स्टॉपलॉग, म्हणजे गेटच्या जागी उतरवायचे लोखंडी अडसर, बसवायला आठवडाभर लागला आणि तोवर भरलेल्या धरणातलं पाणी खाली सोडून द्यावं लागलं. साखळी, दोर, रबर सील, जनरेटरचं डिझेल, हे सगळं एप्रिल-मे मध्ये बघायचं काम आहे. आमच्यात एक जुना गेट ऑपरेटर होता, तो मे महिन्यात प्रत्येक गेट चार बोटं तरी उचलून बघायचा आणि आवाजावरनं सांगायचा कुठं ग्रीस कमी आहे. तसंच आपल्या गावाजवळच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या. पावसाळ्याआधी काढलेच पाहिजेत. पाणी अजून थोडे दिवस पुरंल म्हणून बरगे ठेवतात, पहिल्या लोंढ्याला त्यात झाडंझुडपं अडकतात, पाणी कडेनं फुटून शेताचा कोपरा तोडून नेतं. यात कुठलं धरण नाही, कुठलं राज्य नाही, आपल्या गावानं मे महिन्यात करायचं काम आहे.

आता मोटार कधी काढायची. तुमच्या घाटाच्या पायऱ्या मोजा. सगळ्यात खालच्या पायरीपासनं नंबर टाका, ऑइलपेंटनं. घाट नसंल तर एक लोखंडी पट्टी नाहीतर जुन्या पाईपचा तुकडा घट्ट रोवून फुटाच्या खुणा करा. रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सात, वहीत तीन आकडे: राजापूरचा विसर्ग, दूधगंगेचा विसर्ग, आणि तुमची पायरी. जूनपासनं सप्टेंबरपर्यंत. पहिल्याच पावसाळ्यात तुम्हाला दिसंल की राजापूर अमुक झालं की इतक्या तासांनी माझी अमुक पायरी बुडते. ते तास प्रत्येक गावाचे वेगळे, आणि नदी आधीच भरलेली असली की वेगळे, म्हणून दुसऱ्याच्या गावाचा आकडा घेऊ नका. आमची जुनी माणसं वाडीच्या दत्ताच्या दक्षिणद्वारावरनं हिशेब लावायची, दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे नदीचं पाणी मंदिरात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की जनावरं वर हलवायची. त्यांच्याकडं क्युसेक नव्हते पण खूण पक्की होती.

सोडायचा आकडा वाढतोय का कमी होतोय हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं. राजापूर ऐंशी हजारावर दोन दिवस थांबलंय यापेक्षा साठ हजाराचं बारा तासात नव्वद हजार झालंय हे जास्त धोक्याचं. आणि मोटार काढायची ती दिवसा, चार माणसं असताना. पायरीचा अंदाज रात्री अकराला पाणी येणार असा निघाला तर दुपारी चारलाच काढा. वीज तोडल्याशिवाय मोटारीला हात लावू नका, ओल्या स्टार्टरला तर नाहीच, मी पाण्यात बुडून गेलेल्या माणसांइतकीच शॉक लागून गेलेली माणसं नदीकाठाला बघितली आहेत. पाईप जाऊ दे, पुन्हा घेता येतो.

तुमच्या वहीचे पहिले पंधरा दिवस झाले की मला आकडे पाठवा. सकाळ-संध्याकाळचे तिन्ही आकडे आणि तुमची मोटार कितव्या पायरीच्या पातळीला बसवलीय ते. मी राजापूरशी लावून तुम्हाला तासांचा अंदाज काढून देतो, आणि यडूर, अंकली, कुडचीकडच्या आणखी कुणी असेच आकडे ठेवले असतील तर त्यांनीही द्या, चार गावांचे एकत्र लावले की पाणी एका गावाहून दुसऱ्या गावाला किती वेळात येतं तेही निघंल.